रोममधल्या सुरुवातीच्या ख्रिश्चनांच्या कोरीव शवपेट्या

सार्कोफॅगस म्हणजे दगडी शवपेटी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'मांस खाणारा', कारण आशिया मायनरमधल्या आसोस गावचा दगड 40 दिवसांत प्रेत खाऊन टाकतो असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. पण रोममधल्या भारी पेट्या असायच्या संगमरवराच्या. रोमन लोक आधी बहुतेक प्रेतं जाळायचे, इ.स. 2ऱ्या शतकात पुरायची पद्धत वाढली आणि मग पैसेवाल्या घरांत कोरीव पेट्यांची फॅशनच आली. पेटी भिंतीला टेकवून ठेवायचे म्हणून मागची बाजू बऱ्याचदा तशीच सोडून द्यायचे, कोण बघणार!

3ऱ्या शतकात ख्रिश्चन गिऱ्हाईकंही याच कारखान्यांत येऊ लागली. कारागीर तेच, छिन्नी तीच, त्यामुळे चित्रंही बरीचशी तीच, फक्त गोष्ट बदलली. बायबलमधला योना घ्या, मोठ्या माशाने गिळलेला संदेष्टा. माशाच्या पोटातून सुटून तो वेलाखाली उघडाच पहुडलेला दाखवतात, आणि तो हुबेहूब एंडिमिऑनसारखा दिसतो, म्हणजे ग्रीक कथेतला तो झोपलेला देखणा तरुण ज्याच्यावर चंद्रदेवी भाळली होती. आणि योनाला गिळणारा मासा तर मासाच नाही, शेपटीला वेटोळे असलेला जुना समुद्रराक्षस आहे. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळही ख्रिश्चनांच्या आधीपासूनचा, तोच पुढे येशू म्हणून वाचला गेला.

रोमच्या फोरममधल्या, म्हणजे प्राचीन शहराच्या मुख्य चौकातल्या, सांता मारिया अँटिक्वा चर्चमध्ये साधारण 270 सालची एक पेटी आहे. तिच्यात योना, मेंढपाळ, बाप्तिस्मा (ख्रिश्चन होण्याचा पाण्याचा संस्कार) सगळं आहे, पण मधल्या दोन माणसांचे चेहरे कोरलेलेच नाहीत. बहुधा पेटी रेडीमेड, विकत घेणाऱ्याचा चेहरा नंतर कोरायचा आणि ते राहूनच गेलं.

सगळ्यात गाजलेली पेटी युनियस बॅससची. हा रोम शहराचा प्रीफेक्ट, म्हणजे शहराचा सगळ्यात मोठा अधिकारी, 359 साली 42 व्या वर्षी गेला आणि बाप्तिस्मा घेतला तोही अगदी शेवटी, पेटीवर कोरलेल्या मजकुरात त्याला 'नवदीक्षित' म्हटलंय. समोर दोन मजल्यांत खांबांच्या मधे 10 प्रसंग आहेत, अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकचा बळी द्यायला निघालेला, आदाम-हव्वा, येशूचा शिष्य पेत्र याची अटक, धर्मप्रचारक पौलाला मारायला नेताना वगैरे. वर मधोमध येशू बसलाय, बिनदाढीचा कोवळा पोरगा, आणि त्याच्या पायाखाली कोण तर रोमन आकाशदेव सीलस! जुन्या देवाला हाकललं नाही, पायाखालची चौकी करून टाकलं. बाजूच्या भिंतींवर मात्र द्राक्षं तोडणारी गुटगुटीत पोरं आहेत, ती कुठल्याही रोमन पेटीवर चालली असती.

नवल म्हणजे येशू क्रुसावर खिळलेला कुठेच नाही. रोमन सुभेदार पिलातासमोरची येशूची चौकशी आहे, पण शिक्षा होताना दाखवत नाहीत. क्रूस म्हणजे मुळात गुलामांना आणि गुन्हेगारांना मारायचं साधन, उच्चभ्रू माणसाच्या पेटीवर ते कसं शोभणार, असं मला वाटतं. क्रुसावरच्या येशूची कोरीवकामं रोममध्ये 5व्या शतकात दिसायला लागतात.

बॅससची पेटी 16व्या शतकाच्या शेवटी सेंट पीटर्स चर्चखाली सापडली. आता ती तिथल्याच खजिन्याच्या म्युझियममध्ये आहे, व्हॅटिकन म्युझियममध्ये दिसते ती प्लास्टरची कॉपी. खालच्या ओळीत दानीएल, म्हणजे बायबलमधला सिंहांच्या गुहेत टाकलेला संदेष्टा, सिंहांमधे अंगभर कपड्यांत उभा दिसेल, पण ती मूर्ती नंतर बसवलेली आहे, त्या काळच्या बाकी पेट्यांवर तो उघडाच असतो.