सुपरहिरोपटांची वार्षिक निवड

सुपरहिरोपटांची वार्षिक निवड : एका वर्षात प्रदर्शित झालेल्या सुपरहिरोपटांमधून सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनय ठरवण्याची पद्धत. ऑस्करमध्ये हे चित्रपट इतर सर्व चित्रपटांच्या रांगेत उभे राहतात, तर विज्ञानकथा-अद्भुतपटांसाठीच्या सॅटर्न पुरस्कारांत त्यांना स्वतंत्र विभाग मिळत आला आहे. नाशिकसारख्या शहरात अशी निवड होते ती महाविद्यालयीन गटांत आणि चित्रपटरसिकांच्या दहा-वीस जणांच्या मंडळांत. तिथे भांडण बहुधा आवडीवरून होत नाही. नियम आधी न ठरवल्यामुळे होते.

पहिला नियम पात्रतेचा. ध्येय, असामान्य शक्ती आणि वेश-नावासह दुहेरी ओळख या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की चित्रपट पात्र, ही कसोटी व्यवहारात टिकते. तिन्हींचा आग्रह धरला तर बॅटमन बाहेर पडतो, कारण त्याच्याकडे पैसा आणि तालीम आहे, अमानवी शक्ती नाही. ‘जोकर’ (२०१९) मध्ये सुपरहिरोच नाही. असे खलनायकपट अभिनयाच्या विभागात घ्यावेत आणि चित्रपटाच्या विभागात घेऊ नयेत, ही तडजोड बऱ्यापैकी न्याय्य आहे. ‘हनु-मान’ (२०२४) मध्ये गावातल्या एका तरुणाला दैवी शक्ती लाभते, म्हणून तो बसतो. निखळ पौराणिक चित्रपट मात्र दोन गोष्टी असूनही घेऊ नये, कारण देवाला ओळख लपवून नोकरी करावी लागत नाही. मराठीत ‘बाजी’ (२०१५) सारखे प्रयत्न तुरळक असल्याने मराठीचा वेगळा विभाग काढू नये. एकच उमेदवार असलेला विभाग म्हणजे निवड नव्हे, सत्कार.

कालमर्यादा हा दुसरा खड्डा. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ भारतात १६ डिसेंबर २०२१ रोजी लागला आणि मल्याळम ‘मिन्नल मुरली’ २४ डिसेंबरला थेट ओटीटीवर आला. ३१ डिसेंबरला मतदान घेतले असते तर दुसरा चित्रपट निम्म्या सभासदांनी पाहिलेलाच नसता. मतदान जानेवारीच्या अखेरीस घ्यावे, किंवा वर्षच १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर असे धरावे. उलट बाजूने फेब्रुवारीतले चित्रपट विस्मरणात जातात. २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ आणि ‘द फँटास्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’ जुलैमध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने लागले, त्या धामधुमीनंतर १४ फेब्रुवारीच्या ‘कॅप्टन अमेरिका’विषयी कोणी बोलेना. उपाय साधा आहे : चित्रपट पाहिल्यापासून आठवडाभरात प्रत्येकाने चार ओळींचे टिपण लिहायचे आणि मतदानापूर्वी ती टिपणे सर्वांना वाचायला द्यायची.

कोणती प्रत पाहिली, याचीही नोंद हवी. चित्रपटगृहातली प्रत आणि नंतर ओटीटीवर आलेली प्रत वेगळी असू शकते. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मधले एक चुंबनदृश्य भारतातल्या प्रदर्शनासाठी कापले गेले होते. अशा प्रतीवरून संकलनाला गुण देणे म्हणजे संकलकाला दुसऱ्याच्या कात्रीची शिक्षा. भाषांतरित आवाजाचा प्रश्न याहून मोठा. हिंदी डबमध्ये पाहिलेल्या अभिनयातला चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असतो. म्हणून अभिनयाचे मत देणाऱ्याने मूळ भाषेतली प्रत उपशीर्षकांसह पाहिलेली असावी. तेवढे जमत नसेल तर निदान तीन निवडक प्रसंग मूळ आवाजात सर्वांना एकत्र दाखवावेत. तेलुगू-मल्याळम चित्रपटांना हाच नियम लागू. इंग्रजीसाठी काटेकोर आणि तेलुगूसाठी सैल, असे होता कामा नये.

अभिनय तोलणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. वेश, दृश्यपरिणाम आणि पार्श्वसंगीत मिळून नटाला इतके उचलून धरतात, की नटाने नेमके काय केले ते झाकले जाते. या शंकेचे जुने उत्तर नाशिकमध्येच सापडते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या नाशिकला तयार झालेल्या मूकपटात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच ती वेशाशिवाय, नुसत्या चेहऱ्याने वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग कृष्णरूपात येते. ट्रिकदृश्यांच्या आधी अभिनय सुटा करून दाखवण्याची ही रीत परीक्षकांनी जशीच्या तशी उचलावी : प्रत्येक उमेदवाराचा मुखवटा नसलेला एक, मुखवट्यातला एक आणि दोन्ही ओळखींमधला बदल दाखवणारा एक प्रसंग निवडून लागोपाठ पाहायचा. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये क्रिस्टोफर रीव्ह चष्मा काढतो, पाठीचा कणा सरळ करतो, आवाज खाली आणतो आणि त्याच खोलीत क्लार्क केंटचा सुपरमॅन होतो, त्या क्षणाला कोणताही दृश्यपरिणाम मदतीला नाही.

मुखवट्यामागच्या भूमिकेत डोळे, मान आणि आवाज एवढेच साहित्य उरते, तेव्हा त्याच हिशेबाने गुण द्यावेत. ‘इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मधला जॉश ब्रोलिनचा खलनायक थॅनॉस परफॉर्मन्स कॅप्चरने घडलेला आहे : हालचाल आणि भाव नटाचे, त्वचा संगणकाची. अशी भूमिका अभिनयाच्या विभागात घ्यावी. नुसता आवाज दिलेल्या ॲनिमेशनपटातील काम मात्र वेगळे ठेवावे. साहसदृश्यांचे श्रेय नायकाला देऊ नये, कारण त्यातला बराच भाग स्टंटकलाकाराचा असतो. ऑस्करनेही २०२७ च्या चित्रपटांपासून स्टंटसाठी पुरस्कार सुरू करायचे ठरवले आहे. स्थानिक मंडळाला त्यासाठी थांबायचे कारण नाही.

मुख्य की साहाय्यक, हे मतपत्रिका छापण्यापूर्वी ठरवावे. ‘द डार्क नाइट’ (२००८) मधल्या जोकरसाठी हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळाले ते साहाय्यक अभिनेत्याचे. वाकीन फीनिक्सला तीच व्यक्तिरेखा ‘जोकर’मध्ये साकारल्याबद्दल मुख्य अभिनेत्याचे. कथा कोणाच्या निर्णयांनी पुढे सरकते, हा निकष पडद्यावरची मिनिटे मोजण्यापेक्षा कामाचा.

मतमोजणीत सरासरी गुणांची पद्धत फसवी आहे. एक सभासद सगळ्यांना नऊ देतो, दुसरा सहाच्या वर जात नाही. शिवाय ज्याने पाचांपैकी तीनच चित्रपट पाहिले त्याच्या कोऱ्या जागा शून्य धरल्या की चांगला पण कमी पाहिलेला चित्रपट तळाला जातो. पसंतीक्रम घेणे बरे. समजा २१ मते आहेत : पहिल्या पसंतीची ‘क’ला ९, ‘ख’ला ७, ‘ग’ला ५. साध्या मोजणीत ‘क’ जिंकतो. पसंतीक्रमात शेवटचा ‘ग’ बाद होतो आणि त्याची ५ मते दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. त्यांतली ४ ‘ख’ला आणि १ ‘क’ला गेली, तर ‘ख’ ११ विरुद्ध १० ने निवडून येतो. एकाच मालिकेचे दोन चित्रपट स्पर्धेत असले की चाहत्यांची मते फुटतात, तिथे ही पद्धत विशेष उपयोगी. ऑस्करने २०१० च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने पाचावरून दहा केली, तेव्हा या विभागासाठी हीच मोजणी आणली. पुढे २०१९ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ हा त्या विभागात नामांकन मिळवणारा पहिला सुपरहिरोपट ठरला. त्याला वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत असे तीन पुरस्कार मिळाले, मुख्य मात्र हुकला.

नामांकने पाचपेक्षा जास्त नसावीत. वर्षात पात्र चित्रपटच सात-आठ असतील तर तीन पुरे. निदान दोनतृतीयांश सभासदांनी पाहिलेला नसेल, तर तो चित्रपट अंतिम यादीत घेऊ नये. तो मागे ठेवून त्याचा खेळ आधी आयोजित करावा. बरोबरी झाल्यास पहिल्या पसंतीची मते जास्त असलेला विजयी, तीही समान असल्यास पुरस्कार विभागून. अध्यक्षांचे निर्णायक मत ठेवू नये, कारण मग पुढच्या वर्षी मतदानापेक्षा अध्यक्षपदाचीच चुरस लागते.