होंडा एनएसएक्स (पहिली पिढी)

होंडा एनएसएक्स ही जपानच्या होंडा कंपनीने १९९० ते २००५ या काळात तयार केलेली दोन आसनी सुपरकार असून तिचे इंजिन आसनांच्या मागे आणि मागील चाकांच्या पुढे बसवलेले आहे. उत्तर अमेरिकेत ती होंडाच्याच ॲक्युरा या नावाने विकली गेली. सुपरकार घ्यायची म्हणजे जड क्लच, मागचे धड न दिसणारी केबिन, तापणारे इंजिन आणि वर्कशॉपच्या वाऱ्या हे सारे ओघाने आलेच, असे तोवर ग्राहकही मुकाट्याने धरून चालत. हे दोष वेगाची अपरिहार्य किंमत नसून आरेखनात राहिलेल्या उणिवा आहेत, हे या गाडीने दाखवून दिले. वाहन-अभियांत्रिकीच्या इतिहासातील तिचे महत्त्व मुख्यतः यातच आहे, कारण निव्वळ वेगात तिच्या पुढे जाणाऱ्या गाड्या तिच्या काळातही होत्या.

इटलीतील पिनिनफरिना या आरेखन-संस्थेने १९८४ मध्ये होंडासाठी एचपी-एक्स ही संकल्पना-गाडी तयार केली होती. त्या विचारातूनच पुढे शिगेरू उएहारा यांच्या नेतृत्वाखाली एनएसएक्स विकसित झाली. तुलनेसाठी समोर ठेवलेली गाडी प्रथम फेरारी ३२८ आणि नंतर फेरारी ३४८ ही होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन-प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि १९९० मध्ये जपानमध्ये सुमारे ८० लाख येन किमतीला तिची विक्री सुरू झाली.

संपूर्ण ॲल्युमिनियमची मोनोकॉक बांधणी (वेगळ्या सांगाड्याऐवजी बॉडीच सारा भार पेलते अशी रचना) असलेली ही पहिली मालिका-उत्पादित गाडी होय. ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, पण ताठरपणाही तितकाच कमी असतो. त्यामुळे पोलादी पत्र्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून भागत नाही, तर छेदाचा आकार, जाडी आणि मिश्रधातू हे प्रत्येक भागासाठी वेगळे ठरवावे लागतात. शिवाय हा धातू वीज आणि उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्याने त्याच्या स्पॉट वेल्डिंगला (विजेच्या उष्णतेने पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडण्याला) पोलादापेक्षा कितीतरी अधिक विद्युत्प्रवाह लागतो. या सगळ्यासाठी होंडाने तोचिगी प्रांतातील ताकानेझावा येथे स्वतंत्र कारखाना उभारला आणि तेथे निवडक अनुभवी कामगार नेमले. नुसत्या बॉडीचे वजन सुमारे २१० किलोग्रॅम इतके खाली आले आणि पूर्ण गाडी १,३५० किलोग्रॅमच्या आसपास राहिली. विकासाच्या काळात जपानमधील सुझुका या शर्यतमार्गावर फॉर्म्युला वन शर्यतपटू आयर्टन सेना यांनी नमुना-गाडी चालवून ती काहीशी नाजूक वाटत असल्याचा अभिप्राय दिला. त्यानंतर जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग या शर्यतमार्गावर दीर्घ चाचण्या घेऊन सांगाड्याचा ताठरपणा बराच वाढवण्यात आला. सेना यांच्या नावाभोवती या गाडीबाबत बरीच दंतकथा जमली आहे, मात्र मूळ आरेखन त्यांचे नव्हते.

इंजिन २,९७७ घन सेंटीमीटरचे, सहा सिलिंडरांचे व्ही-६ असून ते आडवे बसवलेले आहे. सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७८ मिलिमीटर असल्याने मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ २१ मीटर होतो. रोजच्या वापराच्या इंजिनाने वर्षानुवर्षे हा वेग सोसावा यासाठी पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे करण्यात आले. मालिका-उत्पादित गाडीत असे प्रथमच घडले. व्हॉल्व्हची उघडझाप फेऱ्यांनुसार बदलणाऱ्या होंडाच्या व्हीटेक या यंत्रणेत कॅमशाफ्टवर व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी तीन कॅम (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे उंचवटे) असतात. कमी फेऱ्यांवर बाजूचे दोन सौम्य कॅम काम करतात आणि सुमारे ५,८०० फेऱ्यांनंतर तेलाच्या दाबाने खिळी सरकून मधला उंच कॅम दोन्ही व्हॉल्व्हचा ताबा घेतो. त्यामुळे हेच इंजिन शहरातील गर्दीत कुरकुर न करता चालते आणि मोकळ्या रस्त्यावर शर्यतीच्या इंजिनासारखे चढते. जपानमध्ये जाहीर केलेली शक्ती २८० अश्वशक्ती होती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागे आणि कमाल वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास होता.

चालकाच्या सोयीचा विचार एफ-१६ या लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरून सुचल्याचे कंपनी सांगते. केबिन पुढे सरकवलेली, डॅशबोर्ड आणि खिडक्यांची कड खाली, खांब बारीक, असा मेळ घातल्याने चालकाला सुमारे ३११ अंशांपर्यंतचा परिसर दिसतो. गाडी मागे घेताना दार उघडून वाकून पाहावे लागत नाही. क्लच हलका असून वातानुकूलन स्वयंचलित आहे. इंजिनाच्या मागील डिकीत गोल्फचा संच मावतो, पण ती इंजिनाला लागून असल्याने लांबच्या प्रवासात तिच्यात ठेवलेले सामान तापते, आणि पुढच्या बॉनेटखाली जादा चाक असल्याने तेथे सामानाला जागा उरत नाही. देखभालीतील फरक सर्वांत बोलका आहे: फेरारी ३४८ मध्ये टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट फिरवणारा, ठरावीक काळाने बदलावा लागणारा पट्टा) बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन खाली उतरवावे लागे, तर एनएसएक्समध्ये तेच काम इंजिन जागेवर ठेवून होते.

गाडी निर्दोष मात्र नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांत मागील चाकांची आतल्या बाजूला वळवलेली मांडणी इतकी तीव्र होती की मागचे टायर काही हजार किलोमीटरमध्येच झिजत, आणि ग्राहकांच्या तक्रारींनंतर ती बदलावी लागली. आरंभीच्या काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये एका बेअरिंगला धरून ठेवणारी स्नॅप रिंग तुटत असे, त्यातून गिअरबॉक्स निकामी होई. अपघातानंतर ॲल्युमिनियमची बॉडी सरळ करणे हे साध्या गॅरेजचे काम नसल्याने दुरुस्तीचा खर्चही मोठा असतो.

मॅकलारेन एफ१ या ब्रिटिश सुपरकारचे आरेखक गॉर्डन मरे यांनी स्वतः अनेक वर्षे एनएसएक्स वापरली आणि तिच्या आरामदायी चालीचा व हाताळणीचा आदर्श आपल्या गाडीसाठी समोर ठेवला. इंजिनासाठी त्यांनी प्रथम होंडालाच विचारले होते, पण नकार मिळाल्याने ते बीएमडब्ल्यूकडे वळले. १९९४ ची फेरारी ३५५ पूर्वीपेक्षा चालवायला पुष्कळच सुखद झाली, आणि तिचे श्रेय अनेकदा सरसकट एनएसएक्सला दिले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागते, कारण टायमिंग बेल्टसाठी ३५५ चे इंजिनही उतरवावेच लागे.

१९९२ मध्ये सुमारे १२० किलोग्रॅम हलकी एनएसएक्स-आर, १९९५ मध्ये काढता येणाऱ्या छताची आवृत्ती, १९९७ मध्ये ३.२ लिटरचे इंजिन व सहा गिअर आणि २००२ मध्ये वर उघडणाऱ्या दिव्यांच्या जागी स्थिर दिवे असे बदल झाले. तरी पंधरा वर्षांत शक्ती फारशी वाढली नाही आणि प्रतिस्पर्धी पुढे निघून गेले. २००५ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा एकूण गाड्यांची संख्या १८ हजारांच्या थोडी वर होती. २०१६ ते २०२२ या काळात अमेरिकेतील ओहायो राज्यात तयार झालेली, तीन विद्युत मोटरी असलेली दुसरी पिढी रचनेच्या दृष्टीने वेगळीच गाडी आहे. जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी होंडाने १९९३ मध्ये जपानमध्ये पुनर्नवीकरणाची सेवा सुरू केली. तीत गाडी कारखान्याच्या तंत्रज्ञांकडे पाठवून इंजिन, सस्पेन्शन, रंग आणि आतील सजावट यांपैकी हवे ते नव्यासारखे करून घेता येई.