कंपनीने कमी केलं? पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल तर ९० दिवसांचा बेकारी भत्ता मिळतो, अर्ज कसा करायचा ते बघा

पगाराची जुनी स्लिप काढा आणि बघा त्यात ईएसआय किंवा ईएसआयसी (सरकारचा कामगार विमा) नावाने काही कापलंय का. पगाराच्या ०.७५ टक्के कापतात, म्हणजे १८ हजार पगार असेल तर १३५ रुपये, एवढी बारीक रक्कम की बऱ्याच जणांचं तिकडे लक्षच जात नाही, आणि त्यावर मालक स्वतःचे ३.२५ टक्के भरतो. ही कपात होत असेल आणि कंपनीने कामावरून कमी केलं असेल तर तुम्हाला भत्ता मागता येतो. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासून आहे. मॉलमधली पोरं, हाऊसकीपिंगच्या ताई, साकीनाका-मरोळच्या गाळ्यांत काम करणारे, यातल्या कितीतरी लोकांना आपण यात बसतो हेच माहीत नसतं, हक्काचे पैसे तसेच राहतात आणि घरभाड्यासाठी सोनं गहाण पडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांचा पगार महिना २१ हजाराच्या वर आहे ते ईएसआयसीत येत नाहीत (दिव्यांग कामगारांना मर्यादा २५ हजार). त्यामुळे पवईच्या आयटी कंपनीतून ६० हजाराची नोकरी गेली तर ही योजना तुमच्यासाठी नाही, तुम्ही पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा हिशोब यावर लक्ष द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एचआर बोलावून सांगतो की तुम्ही राजीनामा लिहून द्या म्हणजे हिशोब लगेच करतो, एक्स्पिरियन्स लेटरपण चांगलं देतो. घाईघाईत सही करू नका. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला, व्हीआरएस घेणाऱ्याला, रिटायर झालेल्याला किंवा शिस्तभंगाच्या कारवाईत काढलेल्याला हा भत्ता नाही, आणि कंपनीने काढलं असूनही हातात राजीनामा असेल तर भांडायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. कमी करतायत ना, मग तसं पत्रावर लिहून मागा, निदान ईमेलवर तरी. आणखी एक, कंपनी ईएसआयसीच्या साईटवर दर महिन्याची वर्गणी भरते तेव्हा काम सुटलेल्या माणसासमोर एक कारण निवडावं लागतं, त्या लिस्टमध्ये 'लेफ्ट सर्व्हिस' वेगळं आहे आणि 'रिट्रेंचमेंट' म्हणजे कंपनीने कमी केलं हे वेगळं आहे. अकाउंटवाला सवयीने पहिलं टाकून मोकळा होतो. ओळखीचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की बाबा, कारण बरोबर टाक.

पात्रता अशी की नोकरी जाण्याच्या आधी सलग किमान दोन वर्षं तुम्ही विमाधारक पाहिजे. ईएसआयसी वर्षाचे दोन भाग धरते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगतच्या आधीच्या भागात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्या दोन वर्षांतल्या बाकी तीन भागांपैकी कुठल्याही एकात परत किमान ७८ दिवस. दोन ठिकाणी काम करत असाल आणि दोन्हीकडे ईएसआयसी असेल तर दोन्ही नोकऱ्या गेल्या तरच बेकार धरतात.

पैसे किती? मूळ योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होते, २४ मार्च २०२० पासून ५० टक्के केले, आणि हा वाढीव दर मुदतवाढ देत देत पुढे नेलाय, त्यामुळे अर्ज करताना चालू दर ईएसआयसीच्या ब्रांच ऑफिसला विचारून घ्या. हिशोब करताना मागच्या चार भागांतली म्हणजे दोन वर्षांची एकूण कमाई घेतात आणि तिला ७३० ने भागतात. १८ हजारावर दोन वर्षं पूर्ण भरली असतील तर ४ लाख ३२ हजार भागिले ७३०, म्हणजे रोज साधारण ५९२, त्याचे निम्मे २९६, आणि ९० दिवसांचे मिळून साडेसव्वीस हजाराच्या आसपास. मध्ये चार-पाच महिने घरी बसला असाल तर कमाई कमी होते पण भागायचं ७३० नेच, म्हणून रक्कम उतरते, तिथे कुणी फसवलंय असं नाही. हा भत्ता आयुष्यात एकदाच आहे, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि मध्ये दुसरी नोकरी लागली तर तिथपर्यंतचाच मिळतो.

अर्ज नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी करता येतो, आणि वर्षाच्या आत करायलाच पाहिजे. ईएसआयसीच्या वेबसाईटवर इन्शुअर्ड पर्सन म्हणून लॉगिन करायचं, तुमचा इन्शुरन्स नंबर लागतो, तो ई-पहचान कार्डवर असतो आणि बऱ्याच कंपन्या स्लिपवरही छापतात. आत योजनेचा क्लेम भरायचा आणि आधार कार्ड आणि बँक पासबुकचं पहिलं पान किंवा कॅन्सल चेक स्कॅन करून अपलोड करायचं. हे नीट अपलोड झालं तर कागद घेऊन जायची गरज नाही. अपलोड नाही जमलं तर क्लेमची प्रिंट काढून, सही करून कागदांसकट आपल्या ब्रांच ऑफिसला द्यायची. पूर्वी स्टॅम्पपेपरवर ॲफिडेव्हिट लागायचं आणि अर्ज मालकामार्फत जायचा, या दोन्ही अटी २०२० मध्ये काढल्या, तरी कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले अजून ॲफिडेव्हिट करून द्यायला तयार असतात, त्यात पैसे घालू नका. मालकाची सही लागत नाही हे लक्षात ठेवा, कारण बरेच जण तिथेच थांबतात. अर्ज आल्यावर ऑफिस रेकॉर्ड तपासतं, १५ दिवसांत पैसे थेट खात्यात यायचा नियम आहे.

अडकतं कुठे तर बहुतेक वेळा नंबरात. कॉन्ट्रॅक्टर बदलला की नवा कॉन्ट्रॅक्टर जुना नंबर न विचारता नवीनच काढतो, मग तुमची दोन वर्षं दोन नंबरांत वाटली जातात आणि सिस्टीमला वाटतं हा माणूस कालपरवा लागलाय. आमच्या ओळखीच्या एका ताईंचं असंच झालं, सहा वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये झाडूपोछा केला, कॉन्ट्रॅक्टर तीन झाले, आणि ऑनलाईन दिसत होते फक्त शेवटचे अकरा महिने. जुनी कार्डं आणि स्लिपा घेऊन ब्रांच ऑफिसला अर्ज दिला तेव्हा रेकॉर्ड जोडलं गेलं. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललं आणि ईएसआयसीत माहेरचंच राहिलं, जन्मतारखेत एक आकडा चुकला, हे पण क्लेम भरायच्या आधी सुधारून घ्या. नोकरी चालू असतानाच एकदा लॉगिन करून वर्गणी खरंच भरली जातेय का ते बघितलं तर सगळ्यात बरं.

कारखानाच बंद पडला किंवा कायद्याप्रमाणे रिट्रेंचमेंट झाली असेल तर आधी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचं विचारा, ती २००५ पासून आहे आणि जास्त मोठी आहे, पहिले १२ महिने सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. दोन्ही योजना एकाच वेळी नाही मिळत, म्हणून ९० दिवसांचा फॉर्म भरायच्या आधी आपण दुसरीत बसतो का हे तपासून घ्या, भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या बंद कंपन्यांच्या लोकांनी तर नक्कीच.

ईएसआयसीच्या दवाखान्याचंही सांगतो, नोकरी गेली की तिथलं कार्ड लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून आणि ऑक्टोबर ते मार्चवर जुलै ते डिसेंबर असा लाभ चालतो, तेव्हा आईबाबांची बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर कार्ड संपलं असं समजून मेडिकलमधून विकत घेत बसू नका, आधी डिस्पेन्सरीत जाऊन विचारा. आपलं ब्रांच ऑफिस कुठलं ते कळत नसेल तर टोल फ्री नंबर १८००-११-२५२६, नाहीतर लोअर परळला एन. एम. जोशी मार्गावर पंचदीप भवन आहे, तिथे इन्शुरन्स नंबर सांगितला की कुठे जायचं ते सांगतात.