आरोपी सापडला नाही, तरी भरपाईचा अर्ज करता येतो

सिंधुदुर्गात ओरोसला जिल्हा न्यायालयाच्या आवारात मागच्या पावसात एक काकी भेटली. काजूच्या बागेत राखणीला झोपलेल्या तिच्या नवऱ्यावर रात्री कोणीतरी वार केले आणि तो गेला. मारणारा कोण, ते दोन वर्षांत कळलं नाही. पिशवीत पिशवी घालून तिने कागद आणले होते. पोलिसांकडून आलेला 'अ' समरीचा कागद चौघडी करून अगदी तळाला ठेवलेला. केस बंद झाल्याचा कागद, त्याचा आता काय उपयोग, असं तिला वाटत होतं. "आरोपी गावलोच नाय झिला, मगे पैसे कोण देतलो?"

पैसे सरकार देतं. आणि तिने तळाला टाकलेला तो कागदच अर्जाला सगळ्यांत वर लावायचा होता. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. खटला उभाच राहिला नाही, पण ज्याच्यावर गुन्हा झाला तो माणूस कोण हे माहीत आहे, तर त्याने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांनी थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (गरजूंना कायद्याची मोफत मदत देणारं सरकारी कार्यालय) अर्ज करावा, असं कायदाच सांगतो. हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ म्हणा.

आपल्या कोर्टात ज्याच्यावर बेतलं तो माणूस बरीच वर्षं नुसता 'साक्षीदार क्रमांक एक' होता. समन्स आलं की जायचं, विचारलं तेवढं सांगायचं आणि एसटी पकडायची. न्यूझीलंडने १९६३ मध्येच सरकारी तिजोरीतून भरपाई देण्याचा कायदा केला. संयुक्त राष्ट्रांचा पीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा १९८५ चा. आपल्याकडे ३५७अ लागू व्हायला ३१ डिसेंबर २००९ उजाडला, आणि राज्याची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ मध्ये आली. उशीर झाला, पण दार उघडलं.

अर्ज कोण करू शकतं? गुन्ह्यामुळे ज्याला इजा किंवा हानी झाली तो. तो हयात नसेल तर त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं. लहान मूल असेल तर पालक. खून, गंभीर इजा, बलात्कार, अॅसिड हल्ला, बालकांवरचे लैंगिक अत्याचार ही यातली नेहमीची प्रकरणं. होडीचं इंजिन चोरीला गेलं म्हणून या योजनेत येऊ नका. चोरीचा माल पोलिसांना मिळाला असेल तर तो कोर्टातून सोडवून घ्यायचा, तो रस्ता वेगळा.

महिला आणि मुलांच्या बाबतीत राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि तिच्यात मदतीची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. तिचं कामही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणच बघतं, त्यामुळे कुठल्या योजनेत बसतं याचा घोळ घरी घालत बसू नये. अर्ज द्या, छाननी त्यांना करू दे. अॅसिड हल्ल्यात किमान ३ लाख द्यावेत आणि त्यातले १ लाख १५ दिवसांत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. बलात्कार, अॅसिड आणि बालकांवरचे अत्याचार यांत प्रथमोपचार आणि उपचार फुकट देणं सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे (कलम ३९७). 'आधी पोलीस केस करून या' असं कोणी म्हणालं तर हे कलम ऐकवा.

आता कागद. पहिला एफआयआर. त्याची प्रत पीडिताला मोफत मिळते, झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. जखमीसाठी दवाखान्याचा इजा दाखला, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं. मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला आणि शवविच्छेदन अहवाल. आधार, बँक पासबुक, फोटो. खटला झाला असेल तर निकालाची प्रत, नसेल तर समरीचा कागद. याच गुन्ह्यासाठी दुसऱ्या योजनेतून काही मिळालं असेल तर तेही लिहून द्यायचं. लपवलं तर पुढे वसुली मागे लागते.

आमच्याकडे अर्ज अडतात ते कायद्यावर नाही, नावावर. आधारवर मुंबईचा पत्ता, पासबुकात 'सावंत', मृत्यू दाखल्यात 'सामंत'. चाकरमानी मुलगा गणपतीला येईल तेव्हा दुरुस्त करू, असं म्हणत दोन गणपती जातात. दुसरी गंमत म्हणजे लोक सातबारा आणतात. सामाईक जमिनीच्या त्या उताऱ्यात चाळीस नावं असतात, निम्मी माणसं देवाघरी गेलेली. मृताच्या कमाईवर कोण जगत होतं हे त्यावरून कळत नाही. रेशनकार्ड आणि वारस दाखला आणा.

अर्जाला फी नाही, वकील लागत नाही. रत्नागिरी, अलिबाग आणि ओरोस इथल्या जिल्हा न्यायालयांत प्राधिकरणाची कार्यालयं आहेत. दापोली किंवा सावंतवाडीच्या माणसाने अख्खा दिवस मोडण्याची गरज नाही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे चौकशी करा. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी वाट सांगतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय मात्र खिडकी सोडू नका.

चौकशी करून दोन महिन्यांत निर्णय द्यावा, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात पोलीस ठाण्याचा अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून मी लोकांना तपासी अंमलदाराचं नाव आणि गुन्हा क्रमांक वहीत लिहून ठेवायला सांगतो. घरात चूल पेटायची पंचाईत असेल तर अंतरिम मदतीची मागणी त्याच अर्जात करा. निकालापर्यंत थांबू नका. महिलांसाठीच्या २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत घटना किंवा खटल्याचा शेवट, यापासून ३ वर्षांची मुदत आहे. पण मुदतीच्या टोकाला गेलेलं प्रकरण नेहमी कागदांतच अडकतं. आरोपी निर्दोष सुटला तरी कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. निकाल विरुद्ध लागला की लोक रडत घरी जातात आणि तो कागद फाडून टाकतात.

त्या सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क पीडितालाही आहे (कलम ४१३). सत्र न्यायालयाच्या निकालावरचं असं अपील रत्नागिरी आणि सिंधुदुर्गवाल्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं. रायगडकरांना अजून मुंबईच. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवायचं असतं. कळवलं नाही तर लेखी विचारा.

महामार्गावर गाडी ठोकून पळून गेली असेल तर हा अर्ज नाही. त्याची हिट अँड रन योजना वेगळी, मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५० हजार, आणि अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यातली मदतही वेगळी, ती समाजकल्याण खात्याकडून मिळते.

काकीचा अर्ज त्याच दिवशी दिला. खिडकीवरच्या बाईंनी समरीचा कागद उलगडून वर ठेवला, घडीवर हात फिरवून सपाट केला आणि त्यालाच पहिली टाचणी मारली.