भारतीय अंतरिक्ष स्थानक

भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो) २०३५ पर्यंत पृथ्वीभोवती उभारणार असलेले, अंतराळवीरांच्या मुक्कामासाठीचे पाच खंडांचे नियोजित स्थानक. दीर्घकालीन आराखड्यात त्याची जागा गगनयान (भारताची मानवी अंतराळ मोहीम) आणि २०४० चे मानवी चांद्रावतरण यांच्या मधोमध आहे.

स्थानकाचा इतिहास बहुधा १७ ऑक्टोबर २०२३ पासून सांगतात. त्या दिवशीच्या गगनयान आढावा बैठकीत पंतप्रधानांनी २०३५ व २०४० ही दोन्ही वर्षे नेमून दिली. पण जून २०१९ मध्येच तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी सुमारे २० टन वजनाचे, १५ ते २० दिवस राहता येईल असे स्थानक जाहीर केले होते. उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक. जानेवारी २००७ मध्ये कक्षेतून परत आणलेल्या ५५० किलोग्रॅमच्या कुपीपर्यंत धागा नेणे मात्र ओढूनताणून होईल. तो प्रयोग परतीचा होता, वस्तीचा नव्हे. आता सांगितले जाणारे सुमारे ५२ टन हे वजन नव्या आराखड्याचे आहे. २०१९ च्या आकड्याशी त्याची गल्लत करू नये.

पहिल्या खंडाला १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी मिळाली आणि गगनयान कार्यक्रमाची एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपये झाली.

खरी मेख कक्षेतील जोडणीत आहे. मागच्या यानाने पुढच्याला गाठण्यासाठी नुसता वेग वाढविला, तर ते वरच्या कक्षेत चढते आणि उलट मागे पडते. म्हणून अंतर टप्प्याटप्प्याने कमी करावे लागते. ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या ‘स्पेडेक्स’ या इस्रोच्या जोडणी-प्रयोगातील दोन उपग्रहांसाठी (प्रत्येकी सुमारे २२० किलोग्रॅम) ५ किमी, १.५ किमी, ५०० मी., २२५ मी., १५ मी. व ३ मी. असे थांबे ठरले होते. २२५ मीटरकडे सरकताना, भूकेंद्रांच्या दृष्टिपथाबाहेरचा काळ संपल्यावर, उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त वाहवत गेल्याचे दिसले आणि ९ जानेवारीची जोडणी पुढे ढकलावी लागली. १६ जानेवारी २०२५ रोजी ती साधली : आधी पकड, मग आत ओढणे, शेवटी घट्ट जखडणे. सेकंदाला सुमारे १० मिलिमीटर एवढ्या संथ गतीने टेकण्याची ही योजना होती. १३ मार्चला उपग्रह विलग झाले, २० एप्रिलला पुन्हा जोडले गेले. स्थानकाचा पहिला खंड सुमारे १० टनांचा आहे. टेकण्याचा तोच वेग धरला तरी संवेग (वस्तुमान गुणिले वेग) स्पेडेक्सच्या एका उपग्रहाच्या ४५ पट होतो, शिवाय माणसाला ये-जा करण्यासाठी हवाबंद वाट लागते. स्पेडेक्समध्ये ती नव्हती.

स्थानक आणि चांद्रावतरण या उद्दिष्टांसाठी आखलेला, पृथ्वीच्या नीच (कमी उंचीच्या) कक्षेत ३० टन नेणारा, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारा नवा प्रक्षेपक ८,२४० कोटींचा आहे. त्याच्यासाठीच्या, श्रीहरिकोट्यातील तिसऱ्या प्रक्षेपण मंचाला (३,९८४.८६ कोटी) मंजुरी मिळाली, तीही १६ जानेवारी २०२५ रोजीच.

चंद्रावरील माती आणणाऱ्या चांद्रयान-४ मध्येही दोन उड्डाणांतून गेलेले भाग कक्षेत जोडायचे आहेत.