‘खरं मारतात का बे?’ शॉर्ट ड्रामातल्या फायटिंगच्या वादामागची गोष्ट

सध्या सोलापूरच्या पूर्व भागात लूमवर, कँटीनवर, जिथं बघावं तिथं मोबाईलच्या उभ्या स्क्रीनवर मारामारीचे चिनी शॉर्ट ड्रामे चालूयत. प्रत्येक फायटिंगनंतर दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते "काय मारलाय बे!", दुसरी म्हणते "दोरीला लटकवलंय, सगळं खोटं हाय". हा वाद आजचा नाही.

१९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’बद्दल नव्यानं सांगायला नको, हीरो ब्रूस ली जुलैतच गेला आणि पिक्चर ऑगस्टमध्ये लागला हेही सगळ्यांना पाठ आहे. आमच्यापर्यंत खरी लाट आली ती ऐंशीच्या दशकात, व्हीसीआरमुळं. खिडकीला चादर ठोकलेली खोली, खाली सतरंजी, आणि कॅसेट इतकी घासलेली की टीव्हीच्या खालच्या कडेला पांढऱ्या रेघा नाचायच्या. इंग्लिश डबिंग कुणालाच कळायचं नाही, मराठी, तेलुगू, कन्नड सगळ्या घरातली पोरं एकाच रांगेत, त्यामुळं बघायचे ते फक्त हातपाय. बाहेर आलो की दोन लाकडी दांडकी सायकलच्या चेनीनं जोडायची आणि पहिला फटका स्वतःच्याच कोपराला. तिथून पोरं कराटे क्लासला गेली, आणि गोंधळ इथंच सुरू झाला.

कारण आपण सगळ्यालाच ‘कराटे’ म्हणायला लागलो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर ‘मार्शल आर्ट’ म्हटलं की १९३० ला इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉच आठवायचा, त्या शब्दाला इथं वेगळंच वजन आहे. कराटे ओकिनावाचं, आधी त्याचा अर्थ ‘चिनी हात’ असा लिहायचे, १९३० च्या दशकात अक्षर बदलून ‘रिकामा हात’ केला. ‘कुंगफू’चा मूळ अर्थ मारामारी नाहीच, वेळ आणि कष्ट घालून कमावलेलं कसब, मग ते चहा करण्यातलं का असेना, म्हणजे आपल्या चादरीच्या डिझाईनवर आयुष्य घालवलेल्या विणकराच्या हातात आहे ते पण कुंगफूच. लढण्याच्या विद्येला चिनी लोक ‘वूशू’ म्हणतात. आणि या ड्राम्यांची जात आहे ‘वूश्या’. त्यात ‘वू’ म्हणजे लढाई आणि ‘श्या’ म्हणजे दुबळ्याच्या बाजूनं उभा राहणारा माणूस. त्या कथांमध्ये शरीर हलकं करून छतावरून पळायची एक विद्याच असते, सगळ्यांना मान्य असलेली. हनुमानानं समुद्र कसा ओलांडला असं कीर्तनात कुणी विचारत नाही, तसंच. कराटेचा ब्लॅक बेल्टवाला येतो आणि "अशी किक बसूच शकत नाही" म्हणतो, तेव्हा तो बरोबर असतो पण चुकीच्या खेळाचा पंच असतो. माझ्या मते निम्मी भांडणं या एका शब्दापायी होतात.

तुकड्यातुकड्यानं दाखवणं पण जुनंच. शांघायमध्ये १९२८ पासून अशाच एका गोष्टीवर पिक्चरचे भागांवर भाग निघाले, पोरं घर सोडून डोंगरात गुरू शोधायला निघाली अशी ओरड झाली आणि १९३१ च्या सुमारास तिथल्या सरकारनं बंदी घातली.

आता फक्त तुकडा लहान झाला, एक-दोन मिनिटांचा. पहिले काही एपिसोड फुकट, मग पाय हवेत असतानाच लॉक आणि पुढं बघायला पैसे देऊन घ्यायचे कॉइन मागतात. २९ जून २०२० ला आपल्याकडं टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप बंद झाले, पण उभ्या व्हिडिओची सवय राहिली आणि तिच्यावरच हे हिंदी डबिंगवाले ड्रामे येऊन बसले. खुद्द चीनमध्ये २०२२ च्या शेवटापासून तीन महिन्यांत २५ हजारांवर असे ड्रामे काढून टाकले, कारणांत अश्लीलता आणि रक्तपात. रक्ताचं मला पटतं. पहिल्याच मिनिटात प्रेक्षक धरायचा म्हणून दर एपिसोडला तोंडातून रक्त काढतात, ‘श्या’ मागं पडतो, आणि लोक "अंगावर येतंय" म्हणतात ते त्यामुळंच.

परवा रात्रपाळीत एक पोरगा मोबाईल बॉबिनच्या खोक्याला टेकवून बघत होता. लूमच्या खडखडाटात डबिंगचा शब्द ऐकू येत नव्हता, त्याला फरक पडत नव्हता. धागा तुटला, त्यानं लूम थांबवला, गाठ मारली, आणि एपिसोड मागं घेऊन तीच किक परत बघितली.