लेकरांची ट्यूब आणि लाइफ जॅकेट: दोन्ही तरंगतात, पण काम एक नाही

‘बाह्यांचे फुगे घेतले आहेत ना सोबत, मग जॅकेट कशाला?’ लेकरं घेऊन क्रूझला निघालेल्या घरांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो, आणि उत्तर देणाराही बहुतेक वेळा मान डोलावतो. सोयाबीन घरात आलं, दिवाळी आटोपली की आता आपल्या खेड्यांतूनही दोन-तीन घरं मिळून मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर जातात. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढतानाच बॅगेत चिवडा असतो, कानटोप्या असतात आणि घडी केलेली बदकाच्या तोंडाची ट्यूब असते. ती ट्यूब बॅगेत असण्याला माझी हरकत नाही. तिला सुरक्षेचं साधन समजायला मात्र सक्त हरकत आहे.

जहाजावर उंच कठडे असतात, कर्मचारी असतात, संकटात काय करायचं याची कवायत असते. धोका वाढतो तो जहाजावरून उतरून किनाऱ्याच्या सहलीला गेल्यावर. लक्षद्वीपला मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहतं आणि लहान बोटी माणसांना बेटावर नेतात. गोव्यात डॉल्फिन बघायची बोट, कोचीला बॅकवॉटरची बोट, मुंबईत गेटवेवरून एलिफंटाची लाँच. लेकरू खरं पाण्याजवळ येतं ते इथे.

ट्यूब तुम्हाला माहीतच आहे. आपण विहिरीत पोहायला शिकलो ते ट्रॅक्टरच्या ट्यूबवर, नाहीतर पाठीला पाच लिटरची रिकामी कॅन बांधून. वर काठावर काका दोर धरून उभा असायचा, पाण्यात आणखी दोघं. त्यावर जास्त लिहीत नाही.

पण त्या कॅनचीच एक गोष्ट आठवून बघा. कॅन पाठीला असायची. पाण्यात पडलं की पाठ वर यायची आणि तोंड खाली जायचं. आपण हातपाय मारून मान वर काढायचो, दमलो की काका दोर ओढायचा. म्हणजे कॅन शरीर तरंगवत होती, तोंड पाण्याबाहेर ठेवायचं काम आपलं आपणच करत होतो. सगळा घोळ इथेच आहे. तरंगणं वेगळं आणि नाक-तोंड पाण्याबाहेर राहणं वेगळं. माणूस पालथाही तरंगतो.

दोन-तीन वर्षांच्या लेकराला हातपाय मारून मान वर ठेवणं जमत नाही. त्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड, मानेत ताकद कमी. अचानक पाण्यात पडलं की ते पुढे झुकतं, आणि कमरेला ट्यूब असेल तर उलटं होऊन पाय वर, डोकं खाली असं अडकूही शकतं. बाह्यांचे फुगे ओल्या हातांवरून सरकतात, हवा गेली की संपलं. आणि बुडणारं लेकरू ओरडत नाही. तोंडात पाणी असताना आवाज निघत नाही. बाजूला बसलेल्या आईला कळायच्या आत सगळं होऊन जातं, म्हणून ‘आमचं लक्ष असतंच’ हे उत्तर मला पटत नाही.

खऱ्या लाइफ जॅकेटची बांधणी याच्या उलट असते. फोम छातीवर जास्त आणि मानेमागे जाड कॉलर, पाठीवर कमी. त्यामुळे पालथं पडलेलं शरीर उताणं वळतं, डोकं कॉलरवर टेकतं आणि तोंड वर राहतं. पाण्यातला माणूस बेशुद्ध असला तरी हे व्हावं, अशी अपेक्षा ठेवूनच त्याची चाचणी होते. लहान लेकरांच्या जॅकेटला आणखी दोन गोष्टी हव्यात: पायांमधून जाणारा पट्टा, म्हणजे जॅकेट वर सरकत नाही, आणि मानेमागे उचलायची कडी. एखादं जॅकेट हातात आलं की मी आधी कॉलर आणि पायातला पट्टा बघते, रंग नंतर.

आता दुसरी फसगत. बोटीवर मिळणारी प्रत्येक नारिंगी बंडी लाइफ जॅकेट नसते. पुष्कळ बंड्या नुसत्या तरंगायला मदत करणाऱ्या असतात: मागे-पुढे सारखा फोम, कॉलर नाही. आतल्या लेबलवर 50, 100, 150 असा आकडा असतो, तो तरंगवण्याच्या बळाचा वर्ग. 50 वर्गाचं साधन पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असताना. ते उताणं वळवेल याची हमी नाही. लेकरासाठी 100 किंवा त्यावरचा वर्ग बघा. (हा वर्ग आहे. लहान मापात प्रत्यक्ष उचलण्याचं बळ वजनाप्रमाणे कमी ठेवलेलं असतं, त्यात गैर काही नाही.) लेबलच नसेल, किंवा फोम दाबल्यावर चपटाच राहत असेल, तर ते बाजूला ठेवा. नळीतून श्वास घेत पाण्याखालचं बघायच्या स्नॉर्कलिंगला देतात ती फुगवायची पातळ बंडीही लाइफ जॅकेट नव्हे.

मापाच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही. ‘मोठं आहे, चालते, थोडं ढिलं बसन’ असं बोटवालाही म्हणतो आणि आजोबाही म्हणतात. नाही चालत. मोठ्यांचं जॅकेट लेकराला घातलं की पाण्यात जॅकेट वर जातं आणि लेकरू खालून निसटतं. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीन मापं स्पष्ट आहेत: 15 किलोखालचं बाळ, 15 ते 43 किलोचं मूल, आणि त्यावरचे मोठे. वय विचारून जॅकेट देतात ते चूक; अंगणवाडीत वजन होतंच, तो आकडा लक्षात ठेवून निघा. घातल्यावर सगळी बक्कलं लावा, लेकराला हात वर करायला सांगा आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढा. हनुवटी आत गेली, कान झाकले गेले, तर माप मोठं आहे. बाळाला झोळीत छातीशी बांधून त्यावरून स्वतःचं जॅकेट घालणाऱ्या आयाही दिसतात. असं कधीच करू नका. तुम्ही पाण्यात पडलात तर बाळ मधे अडकतं.

जहाजावर प्रवासी लेकरांच्या मापाची जॅकेटं ठेवणं बंधनकारक आहे. खोलीत दिसली नाहीत तर कर्मचाऱ्याकडे मागा. पण किनाऱ्यावरची लहान बोट बहुतेक वेळा वेगळ्या मालकाची असते आणि जहाजाची जॅकेटं तिकडे जात नाहीत. पहिल्या दिवशीच्या कवायतीत लेकराला नीट बसलेलं जॅकेट बघून निर्धास्त झालेले आईबाप तिसऱ्या दिवशी डॉल्फिनच्या बोटीत त्याला नुसतं मांडीवर घेऊन बसतात. म्हणून 15 किलोखालचं लेकरू असेल तर त्याच्या मापाचं जॅकेट विकत घेऊन सोबतच न्यावं, हे माझं ठाम मत. इतक्या लहान मापाचं जॅकेट सहलीच्या बोटींवर मिळेल या भरवशावर राहू नये.

बाकी फरक किरकोळ. भडक रंग चांगला, शिट्टी असावी. बोटीला टांगलेलं गोल कडं पडलेल्या माणसाकडे फेकायचं असतं, ते लेकराच्या अंगात अडकवून बसवू नका. पाण्यात पडल्यावर आपोआप फुगणारी महागडी जॅकेटं लहान मुलांना देऊच नयेत, फोमचंच घ्या.

हे फक्त समुद्राचं आहे असंही समजू नका. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच कुटुंबातले 11 जण गेले. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्यानंतर गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. सक्ती झाली की माणसं जॅकेट अडकवतात, पण बक्कल लावत नाहीत, आणि फोटोसाठी लेकराचं जॅकेट काढतात. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आपल्या विदर्भातल्या खिंडसीच्या तलावावर काय किंवा नवेगाव बांधला काय, चूक तीच.

सहल ठरवताना पैसे भरण्याआधी विचारा: ‘आमच्या लेकराचं वजन बारा किलो आहे. त्या मापाचं, कॉलर असलेलं जॅकेट बोटीवर आहे का?’ ‘सगळं असते जी, टेन्शन घेऊ नका’ हे उत्तर मोजू नका, फोटो मागा. नसेल, आणि तुम्हीही नेलं नसेल, तर बोटीची सहल सोडा. गोव्यात जुन्या चर्चकडे किंवा मसाल्यांच्या बागेत गाडीने जाता येतं, कोचीत मासेमारीची चिनी जाळी किनाऱ्यावरूनच दिसतात. आणि बदकाची ट्यूब खुशाल न्या. हॉटेलच्या उथळ हौदात, तुमच्या हाताच्या अंतरावर, तिच्याशी खेळू द्या.